अकरा वीसचा तास

"सर, सगळं एकाच पेनानं नका ना लिहू, कळेल त्यांना," असं म्हणून उत्कर्षानं माझ्यापुढे चार पेनं ठेवली. दोन निळी, एक काळं आणि चौथं शाई संपत आलेलं. त्या चौथ्याला आमच्या संख्याशास्त्र विभागात त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त मागणी होती. त्यानं लिहिलं की अक्षर जुनं वाटायचं.

आम्ही डायऱ्या म्हाताऱ्या करत होतो. कॉलेजात दर पाच वर्षांनी मूल्यांकन समिती येते आणि मागच्या पाच वर्षांचं सगळं तपासते. प्रत्येक प्राध्यापकानं कोणत्या दिवशी कोणता तास घेतला, काय शिकवलं, किती मुलं होती, हे त्यानं आपल्या डायरीत त्याच दिवशी लिहिलेलं असावं असा नियम आहे. नियम चांगला आहे, फक्त तो कोणी पाळत नाही. समितीची तारीख कळली की सगळा स्टाफ एकत्र बसून पंधरा दिवसांत पाच वर्षांच्या डायऱ्या लिहून काढतो. मग पानं जरा चुरगाळायची, कुठे चहाच्या कपाचा गोल उमटवायचा. मागच्या खेपेला एका सरांनी घाईघाईत रविवारीसुद्धा तास घेतले होते. समितीनं त्यांच्या कार्यनिष्ठेचं कौतुक केलं.

आमच्या गावी, औशाकडे, याला लबाडी म्हणतात. पुण्यात दस्तऐवजीकरण म्हणतात. मी चोवीस वर्षं ते मुकाट्यानं केलं आहे. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

"ट्वेंटी-ट्वेंटी वनचं फोल्डर ऑलमोस्ट डन आहे, सर," उत्कर्षा म्हणाली. ती आमच्याकडे तीन वर्षांपासून कंत्राटावर शिकवते, त्यामुळे समितीचं सगळं हमालीकाम तिच्या गळ्यात. "फक्त तिखे मॅडमची डायरी मिसिंग आहे. आणि त्यांचे शेवटचे सात लेक्चर्स. ते तुम्ही भरून सही केलीत की शंभर टक्के होतंय आपलं."

"कोणते सात?"

तिनं यादी वाचली. बावीस एप्रिल, चोवीस, सत्तावीस, एकोणतीस. मग मे महिन्यातली चार, सहा आणि आठ. सगळे अकरा वीसचे.

"उत्कर्षा, बावीस तारखेला मॅडम व्हेंटिलेटरवर होत्या. चोवीसला पहाटे गेल्या."

"आय नो, सर." तिनं मान खाली घातली. "मलापण ऑड वाटलं. पण प्राचार्य सर म्हणाले, बिडवे सरांना त्यांचं अक्षर माहितीये."

कल्याणी तिखे माझ्याशेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसल्या. धायरीहून स्कूटरवर यायच्या, डब्यात कायम एक भाजी जास्तीची असायची, आणि आल्या आल्या खिडकी उघडायच्या. एवढंच त्यांचं वर्णन. पुरस्कार नाही, परदेशवारी नाही, कोणाशी भांडण नाही. संभाव्यता मात्र अशी शिकवायच्या की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येऊन बसायची. कापडी पिशवीत पाच राजमे आणि तीन छोले टाकायचे, पोरांना हात घालायला लावायचं, आणि काय निघेल ते आधी विचारायचं. टाळेबंदी लागली तेव्हा त्यांनी तीच पिशवी स्वयंपाकघरातून कॅमेऱ्यासमोर धरली. रेंज फक्त तिथेच यायची. पोरांना हात घालता येईना, तेव्हा म्हणायच्या, "रोल नंबर सव्वीस, मी तुझ्या वतीनं हात घालते हं."

माझं त्या वर्षात काय झालं तेही सांगतो, कारण त्याबद्दल कुणी खरं बोलत नाही. येरवड्याच्या आमच्या दोन खोल्यांत मी कपाटाच्या दाराला कागद चिकटवून शिकवायचो. समोर चव्वेचाळीस काळे चौकोन. त्यातला चौदा नंबर तेवढा अधूनमधून "येस सर" म्हणायचा. मी वर्षभर एकट्या चौदा नंबरला शिकवलं. तास संपला की दहा-दहा मिनिटं बंद मोबाइलकडे बघत बसायचो. जेवताना बायकोला मध्येच विचारायचो, ऐकू येतंय का? ती आधी हसायची. नंतर हसेनाशी झाली.

आणि मी वेळापत्रकप्रमुख होतो. म्हणजे मुकादम. तासाच्या आधी पंधरा मिनिटं प्रत्येकानं आपली लिंक गटावर टाकायची. ज्याची आली नाही त्याला मी मेसेज करायचा. तरी आली नाही तर त्याची गैरहजेरी लावून प्राचार्यांना कळवायचं. तासाचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून जोडायचा. माणसं पटापट मरत होती आणि आम्ही स्क्रीनशॉट जोडत होतो.

त्याच मार्चमध्ये प्राचार्य डॉ. दत्तप्रसाद सबनीस यांनी एक पाहणी केली होती. ऑनलाइन अध्यापनाचा प्राध्यापकांच्या मानसिक आरोग्यावर आणि उत्पादकतेवर होणारा परिणाम. फॉर्मवर 'गोपनीय' असं ठळक लिहिलं होतं आणि त्याच्याच वर बारीक अक्षरात, तुमचा ईमेल नोंदवला जाईल. आम्ही बेचाळीस जण होतो. एक्केचाळीस जणांनी लिहिलं, ताण नाही, उत्पादकता वाढली. मीही त्यातलाच. एकीनं लिहिलं, 'ताण आहे. खूप आहे. रात्री झोप येत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. कुणीतरी विचारा.' आकडेमोड माझ्याकडे होती. प्राचार्य म्हणाले, "अहो बिडवे सर, एक निरीक्षण इतकं बाजूला पडलं तर ते वगळतात ना तुमच्या शास्त्रात?" वगळतात. मी वगळलं. ईमेल कुणाचा होता ते मला दिसत होतं. निष्कर्ष शंभर टक्के समाधानकारक आला आणि त्याचा शोधनिबंध छापून झाला.

मॅडम गेल्या त्यानंतर दोन दिवसांनी ऑनलाइन शोकसभा झाली. हजेरीसाठी खाली नेहमीचा फॉर्म होता, तो आम्ही सवयीनं भरला. संध्याकाळी पाचला प्रत्येकाच्या मेलवर ई-प्रमाणपत्र आलं. 'प्रा. कल्याणी तिखे यांच्या शोकसभेत यशस्वीरीत्या सहभागी झाल्याबद्दल.' सोनेरी कडा, दोन सह्या. त्या काळात रोज वेबिनार व्हायचे आणि रोज प्रमाणपत्रं वाटली जायची, त्या फॉर्मची जुनी सेटिंग बदलायची राहून गेली होती. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वर्षाच्या अहवालात मात्र ती शोकसभा ऑनलाइन कार्यक्रमांत धरली गेली. कार्यक्रम क्रमांक सतरा.

मी उठलो आणि तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. तिथे टेबलावर मोठा फलक आडवा पसरला होता. मॅडमचा फोटो, ओळखपत्रावरचा, मोठा केल्यामुळे धुरकट झालेला. खाली लिहिलं होतं, 'अखेरच्या श्वासापर्यंत अध्यापन. आमची उत्तम प्रथा.'

"बसा, बसा. कसा वाटतो?" प्राचार्यांनी विचारलं. "समिती दारातून आत आली की पहिल्यांदा हाच दिसेल."

"सर, ते सात तास झालेले नाहीत."

"बिडवे सर, आपण फार भावनिक होता. हे कागद आहेत. फलक म्हणतो अखेरच्या श्वासापर्यंत आणि डायरीत सात तास कोरे, हे विसंगत दिसेल की नाही?"

"पण त्या गेल्या होत्या."

"म्हणूनच. त्यांच्या स्मृतीसाठी एवढं कराल ना?" ते हसले. पुण्यातला सुशिक्षित माणूस धमकी देतो तेव्हा आधी हसतो. "आणि हो, आपली बढतीची फाइल माझ्याच टेबलावर आहे. विसरलेलो नाही मी. समिती गेली की लगेच सही. तेवढी त्यांची मूळ डायरी त्यांच्या घरून आणा. पुढचं पान मागच्याशी जुळलं पाहिजे."

ती बढती माझी चार वर्षं अडलेली होती. मला निवृत्तीला आठ वर्षं राहिली आहेत. मी "बघतो" म्हणालो. नाही म्हणालो नाही, याची नोंद घ्या.

मॅडमचे यजमान अभय तिखे यांचं शनिवार पेठेत चष्म्याचं दुकान आहे. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, दुकानातच या. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. काउंटरमागे बसून ते एका फ्रेमचा स्क्रू आवळत होते.

"या. स्टुलाचा डावा पाय हलतो, जपून बसा."

मी जपून बसलो.

"चार वर्षांनी आठवण झाली कॉलेजला."

"समिती येणार आहे," मी म्हणालो.

"तरीच." त्यांनी वर बघितलं. "तुमचा चष्मा वाकडा आहे. डावी काडी."

"हो. नीट करून घ्यायचाय."

"घ्या करून कुठेतरी."

खणातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली डायरी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. पण हात तिच्यावरच ठेवला.

"त्या दिवशीचा मेसेज तुमचाच होता ना?"

मला कोणता दिवस ते विचारायची गरज पडली नाही. वीस एप्रिल, मंगळवार. सतराला मॅडमनी मला फोन करून सांगितलं होतं की ताप आहे, दोन दिवस तास जमणार नाहीत. मी प्राचार्यांना कळवलं. ते म्हणाले, घरूनच तर शिकवायचंय, लिंक टाकायला काय लागतं? मी तेच वाक्य जरा सौम्य करून मॅडमना पोचवलं. आणि मंगळवारी अकरा वाजून आठ मिनिटांनी त्यांची लिंक दिसली नाही तेव्हा बोटांनी आपोआप लिहिलं.

"हो. माझाच होता," मी म्हणालो. "त्या हॉस्पिटलमध्ये होत्या हे मला ठाऊक नव्हतं, हो."

"ठाऊक असतं तर नसता पाठवला?"

चोवीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्यानं मला इतका सरळ प्रश्न विचारला नाही.

"हॉस्पिटलमध्ये नव्हतोच आम्ही," अभयराव फ्रेमकडे बघत म्हणाले. "हॉस्पिटलच्या बाहेर होतो. पहाटेपासून चार ठिकाणं फिरलो. पाचव्या ठिकाणी म्हणाले, बेड नाही, थांबा, एखादा रिकामा झाला तर देतो. रिकामा म्हणजे काय ते कळलं होतं आम्हाला. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली ती. ऑक्सिजन चौऱ्याऐंशी. तेवढ्यात तुमचा मेसेज."

गिऱ्हाईक म्हणून एक बाई दारात आल्या होत्या. अभयरावांनी त्यांना हातानं थांबायला सांगितलं.

"मी ओरडलो तिच्यावर. लग्नाच्या अठरा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, खड्ड्यात गेलं ते कॉलेज, फोन बंद कर. तर म्हणते, 'अहो, बिडवे सरांना वरून बोलणी बसतात. भला माणूस आहे. वीस मिनिटांचं तर काम आहे.' हात थरथरत होता तिचा, म्हणून मोबाइल मी धरला. या हातात."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मुलं सारखी म्हणत होती, मॅडम, आवाज तुटतोय, नेटवर्क गेलंय. नेटवर्क व्यवस्थित होतं, सर."

माझ्या बुटांवर धूळ होती, ती दिसत होती, आणि दुसरं काही सुचत नव्हतं. मला रडू आलं असं लिहिलं तर बरं दिसेल, पण रडू नाही आलं. स्वतःचा संताप आला. आणि त्या क्षणी तरी मला माझ्याहून मोठा गुन्हेगार कुणी दिसत नव्हता.

"तास झाल्यावर त्याच खुर्चीवर डायरी लिहिली तिनं. तुमच्यातली ती एकटीच असेल रोज लिहिणारी." त्यांनी डायरीवरचा हात काढला. "साडेचारला बेड मिळाला. घेऊन जा. पण परत आणा. नाही आणलीत तर मी न्यायला येईन."

निघताना त्यांनी खणातून एक छोटी कापडी पिशवी काढून डायरीवर ठेवली. आत काहीतरी खुळखुळलं. "हेही कॉलेजच्याच कामाचं," ते म्हणाले आणि त्या बाईंकडे वळले.

घरी जाईपर्यंत मला डायरी उघडायचा धीर झाला नाही. बायको चहा ठेवायला गेली तेव्हा उघडली. खरोखर एकही दिवस कोरा नव्हता. सगळं एकाच पेनानं, एकाच वळणाचं, खोडाखोड नाही. शेवटची ओळ तेवढी उताराला लागल्यासारखी खाली गेलेली. '२० एप्रिल. ११.२०. घटक: सशर्त संभाव्यता. अपूर्ण. उरलेला भाग पुढील तासास. उपस्थिती ९.' पुराव्याचा रकाना मोकळा होता. स्क्रीनशॉट कोण काढणार होतं?

पुढे पानभर रिकाम्या ओळी होत्या.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी डायरी हातात घेतली, मागची पानं चाळली आणि खूश झाले. "वा! अशी शिस्त हवी." मग शेवटच्या ओळीशी थांबले. "नऊच? अरेरे. हे नऊ बरं नाही दिसत फलकाशेजारी." त्यांनी क्षणभर विचार केला, आणि मग अगदी सहज, चहात साखर टाकायला सांगावी तसं म्हणाले, "याच्याआधी एक तीन घाला. एकोणचाळीस होतील. आणि हे अपूर्ण वगैरे जरा गिरवून टाका. पुढच्या सातांना अडतीस, सदतीस, असं फिरतं ठेवा. आकड्यांतलं तुम्हाला मी काय सांगणार?"

मी डायरी घेतली आणि विभागात आलो.

आकड्यांतलं मला खरंच सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर आकड्यांचंच खाल्लं. एक निरीक्षण वगळलं की सरासरी कशी सुधारते, हे मला त्या माणसाहून जास्त कळतं. आणि म्हणूनच त्या तिनाचा मला इतका राग आला की कानशिलं तापली. ती बाई चौऱ्याऐंशीवर श्वास मोजत होती, तरी तिनं नवाचे दहा केले नाहीत. एसी केबिनमध्ये बसून हा माणूस तिला तीस पोरं जास्तीची देत होता.

"उत्कर्षा, माझ्या मोबाइलवरच्या एका गोष्टीची प्रिंट काढून दे."

मी तो मेसेज कधी पुसला नव्हता. पुसायचं धाडस झालं नव्हतं, म्हणून राहिला होता. 'मॅडम, ११.२० ची लिंक अजून नाही. वरून विचारणा होतेय. कृपया लगेच पाठवा.' वेळ अकरा आठ. खाली त्यांचं उत्तर, अकरा सोळा. 'हो सर, पाठवते. सॉरी.'

उत्कर्षानं प्रिंट आणून दिली. तिनं वाचली होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"सर, हे… कुठे लावायचंय?"

"पुराव्याच्या रकान्यात. वीस तारखेसमोर."

तिनं कात्री आणि डिंकाची कांडी आणून माझ्यापुढे ठेवली, आणि ती चार पेनं उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. मी माझं रोजचं पेन काढलं. आधी कागद चिकटवला. मग पुढच्या सात ओळी भरल्या. बावीस एप्रिल, अकरा वीस: तास झाला नाही, प्रा. तिखे अतिदक्षता विभागात. चोवीस एप्रिल, अकरा वीस: तास झाला नाही. प्रा. तिखे यांचे पहाटे निधन. या वेळी स्मशानाबाहेर रांगेत. सत्तावीस एप्रिलपासून पुढे प्रत्येक ओळीत, तास झाला नाही, बदली प्राध्यापक दिलेला नाही. उपस्थिती शून्य. प्रत्येक ओळीपुढे मी माझं पूर्ण नाव लिहिलं, उत्तरेश्वर ज्ञानोबा बिडवे, आणि आजची तारीख घातली.

"सर, तुमची बढती…" उत्कर्षा हळूच म्हणाली.

"असू दे."

"तुमच्यासारखं कोणी माझ्यासाठी लिहील का, सर?" एवढं बोलून ती तासाला निघून गेली.

प्राचार्यांनी ते पान वाचलं आणि प्रथमच हसले नाहीत.

"हे काय केलंत?"

"नोंद केली, सर."

"शुद्धीवर आहात का? समितीपुढे हे ठेवायचं? कॉलेजची अब्रू…"

"मेलेली बाई तास घेत नाही, सर," मी म्हणालो. माझा आवाज वर गेला होता. बाहेर शिपाई थबकलेला काचेतून दिसत होता. "अखेरच्या श्वासापर्यंत तिनं शिकवलं नाही. आपण तो तिच्याकडून काढून घेतला. मी मेसेज केला आणि तुम्ही करायला लावला. त्याचा फलक करून दारात लावताय? तिनं तुमच्या त्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं, कुणीतरी विचारा म्हणून. कुणी विचारलं? मी तर ओळच उडवली. आता लिहून ठेवा, त्या पाहणीत माणसं बेचाळीस होती. एक्केचाळीस नव्हती."

"आवाज खाली."

"चार वर्षं खालीच होता."

त्यांनी ते पान चिमटीत धरलं. फाडणार असं वाटलं. पण डायरी शिवणीची होती, ते पान ओढलं असतं तर त्याला जोडलेलं मार्चमधलं, इतकं सुंदर भरलेलं पानही निघून आलं असतं. त्यांनी डायरी मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

"घेऊन जा ही. आम्ही नोंदीत लिहू, वाळवी लागून नष्ट झाली."

त्या वाळवीला मी रोज नमस्कार करतो, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

समिती आली. रांगोळ्या झाल्या, ढोल वाजला, मुलींना नऊवारी नेसवून उभं केलं होतं. तिघेही पाहुणे फलकासमोर थांबले, हात जोडले आणि जेवायला गेले. आमच्या विभागाच्या यादीत एका ओळीत लिहिलं होतं, 'दैनंदिनी क्रमांक चार, वाळवीमुळे अप्राप्य'. त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही की सिमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर नेमकी एवढीच डायरी वाळवीला कशी सापडली. मी बोलायला पुढे झालो तेव्हा वेळ संपल्याचं सांगण्यात आलं. कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. आठवड्यानं माझी बढतीची फाइल परत आली. शेरा होता, 'छायाप्रती अस्पष्ट. नव्याने सादर करावी.'

म्हणजे मी जिंकलो वगैरे काही नाही. बाहेरच्या जगात कल्याणी तिखे आजही अखेरच्या श्वासापर्यंत शिकवतायत. फलक तसाच आहे.

फाइल परत आली त्याच दिवशी संध्याकाळी मी शनिवार पेठेत गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. अभयरावांनी मला बघितलं आणि काही न बोलता हात पुढे केला. मी डायरी दिली.

त्यांनी ती तिथेच उघडली. शेवटचं पान त्यांना बरोबर ठाऊक होतं. आधी चिकटवलेला कागद वाचला. मग खालच्या सात ओळी, एकेक करत, बोट ठेवून वाचल्या. चोवीस तारखेच्या ओळीवर बोट बराच वेळ राहिलं. एका गिऱ्हाइकानं घड्याळात बघून घसा खाकरला, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

"समितीनं बघितलं?"

"नाही. वाळवी लागली म्हणून सांगितलं."

"अच्छा." त्यांनी मान हलवली. "मग हे कोणासाठी लिहिलंत?"

"तुम्हाला परत द्यायची होती ना," मी म्हणालो.

त्यांनी डायरी मिटून पिशवीत घातली आणि पिशवी खणात ठेवली.

"ते राजमे?"

"ते वर्गात वापरतोय. मंगळवारी सशर्त संभाव्यता आहे. झालं की आणून देतो."

"राहू द्या तिथेच."

मी निघायला उठलो. स्टूल हललं. अभयरावांनी काउंटरवरून हात पुढे केला.

"चष्मा द्या इकडे."

मी काढून दिला. त्यांनी तो दिव्यासमोर धरला, डावी काडी गरम हवेवर धरून बोटांनी हळूहळू सरळ केली, पुन्हा धरून बघितली, परत थोडी वाकवली. नाकाजवळचा स्क्रू आवळला. काचा पुसल्या. मग काउंटरवरून वाकून स्वतःच्या हातांनी माझ्या डोळ्यांवर बसवला आणि दोन्ही कानांमागे बोट फिरवून बघितलं.

मी खिशाकडे हात नेला तसे ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

"हं, बोला," ते म्हणाले. "कधीपासून त्रास होतोय?"